नव्या वहाणेचं जुनेपण

शिवजयंती जवळ आली की माझ्याकडे मंडळांची पोरं यायला लागतात. सरकारी जयंती १९ फेब्रुवारीला, तिथीची फाल्गुन वद्य तृतीयेला. दोन जयंत्या म्हणजे मला दोन हंगाम, त्यामुळे त्या वादात मी कधी पडत नाही. कुणाला मावळ्याच्या वहाणा हव्या असतात, कुणाला सरदाराची मोजडी, एखाद्या शाळेला अफजलखानासाठी वर वळलेल्या चोचीचा जोडा. मी पलटणीत बूट दुरुस्त करायच्या कामावर होतो. निवृत्त होऊन महाळुंगे पडवळला परत आलो आणि बापाची रापी आणि आरी पुन्हा हातात घेतली. पोरं मला नाना म्हणतात. मापं देतात, पैशांची घासाघीस करतात आणि उठता उठता सगळी एकच सांगतात, "नाना, नवी कोरी दिसायला नको. लढाईवरून आल्यागत दिसली पाहिजे."

या मागण्यात धर्माचा एक प्रश्न आहे असं मला वाटतं. तो पोरांना समजावायला गेलो की ती मोबाईलमध्ये बघायला लागतात, म्हणून इथं लिहितो.

नवी वहाण जुनी करणं अवघड मुळीच नाही. काचकागदानं कड घासायची, चहाच्या काळ्या पाण्यात चामडं बुडवायचं, ओलं असतानाच पिळून उन्हात टाकायचं, राख चोळायची, टाचेचा एक कोपरा रापीनं तिरका उतरवायचा. दोन दिवसांत दहा वर्षं चढतात. सिनेमावाले हेच करतात. परदेशातही जुन्या लढाया हौसेनं पुन्हा उभ्या करणारे लोक आहेत. त्यांच्यासाठी रोमन शिपायाच्या खिळेवाल्या चपला आपल्याकडे मेरठला तयार होतात. अमेरिकेत १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धाचं सोंग आणणाऱ्यांमध्ये तर अशी कडवी मंडळी आहेत की बुटाच्या इंचभर शिवणीत किती टाके आहेत ते मोजतात. बाकीचे त्यांना चेष्टेनं 'टाके मोजणारे' म्हणतात. टोनी हॉरविट्झ नावाच्या पत्रकारानं १९९८ मध्ये या लोकांवर एक पुस्तक लिहिलं. त्यात पितळी बटणांना जुनी कळा यावी म्हणून ती मूत्रात भिजवून ठेवणारा एक गडी आहे. हे ऐकून मी पोट धरून हसलो. ज्या वासापायी आमच्या पिढ्यांना गावाच्या कडेला ठेवलं, तो वास तिकडे लोक हौस म्हणून अंगाला लावून घेतात.

तर करता सगळं येतं. करावं का, एवढाच सवाल.

आधी घडणीचं बोलतो. जुन्या घडणीची वहाण आज बनवली तर ती नक्कल ठरते का? तळाला जाड चामडं, वर पट्टा, दोन्ही बाजूंना कान, पुढे अंगठा, आणि शिवायला चामड्याचीच वादी. हे मला बापानं शिकवलं, त्याला आज्यानं. आज्याला ज्यानं शिकवलं त्यानंही कुणाचं तरी बघूनच केलं असणार. शिवरायांच्या काळात इथल्या एखाद्या कारागिरानं वहाण शिवली असेल, तर तीही त्याच्या गुरूच्या वहाणेची नक्कलच होती. पहिली, अस्सल, मूळ वहाण कुणीच पाहिलेली नाही. वेदांसारखी तीही ऐकून-बघून पुढे आलेली विद्या आहे, फक्त ही वेशीबाहेर शिकवली जायची. म्हणून घडणीच्या नकलेची मला लाज नाही. उलट जेवढी हुबेहूब उतरेल तेवढा मी माझ्या माणसांशी इमानी राहिलो, असं मी धरतो.

मालात मात्र तडजोड आहे. राज्यात २०१५ पासून बैलांच्या कत्तलीवर बंदी आली, तेव्हापासून म्हशीच्या चामड्यावर भर आहे. कमावणं मात्र जुन्या पद्धतीनं केलेलं असेल तर मी तेच घेतो, बाभळीची साल आणि हिरड्याचं. हिरडा तर आमच्याच आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम अंगाचा, भीमाशंकरकडच्या डोंगरात आदिवासी माणसं तो गोळा करतात. तो औषधाला जातो तसा चामड्यालाही. हिरड्यात कमावलेलं चामडं हातात घेतलं की नाकाला कळतं. रसायनात कमावलेलं चामडं लवकर होतं आणि मऊ असतं.

पण हीच वहाण मी 'कोल्हापुरी' म्हणून विकू शकत नाही. २०१९ मध्ये त्या नावाला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात महाराष्ट्राचे चार जिल्हे आहेत, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर. आणि कर्नाटकाचे चार. पुणे जिल्हा नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. नाव त्यांचं आहे, त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलं. २०२५ च्या जूनमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच अंगठेवाल्या चपला दाखवल्या आणि सुरुवातीला कोल्हापूरचं नावच घेतलं नाही, तेव्हा आपल्याकडे बोंब झाली. बोंब रास्त होती. घडणीची नक्कल करणं पाप नाही, गुरूचं नाव गाळणं पाप आहे. एकलव्यानं मातीच्या पुतळ्यालासुद्धा गुरू म्हटलं होतं.

आता जुनेपणाचं.

पूर्वी आपल्याकडच्या मोजड्यांना डावा-उजवा नसायचा. दोन्ही पाय एकसारखे शिवायचे, घालणाऱ्यानं चालून चालून त्यातला एक डावा आणि एक उजवा करायचा. हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. इंग्रजी फौजेतसुद्धा एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत शिपायांना सरळ साच्याचे जोडे मिळायचे, डाव्या-उजव्याचा भेद नसलेले. म्हणजे जोडा चांभारानं अर्धाच केलेला असायचा. उरलेला अर्धा चालणारा करायचा.

आपल्या शास्त्रात संस्कार म्हणतात तो मला इथं समजला. माणूस जे करतो त्याचा ठसा त्याच्यात राहतो, आणि तो ठसा पुढच्या करण्याला वळण देतो. पलटणीत माझ्यापुढे बुटांचा ढीग पडायचा. नाव-नंबर न बघता मी सांगायचो की हा कुणाचा. एकाची टाच बाहेरून झिजलेली, एकाचा चवडा आतून. एक हवालदार उजवा पाय किंचित ओढत चालायचा, ते त्याच्या बुटाच्या नाकावर लिहिलेलं असायचं. त्याच्या वैद्यकीय कागदावर ते लिहिलेलं नव्हतं, आणि मीही कधी कुणाला बोललो नाही. गीतेत आत्म्याची गोष्ट सांगताना जुनी वस्त्रं टाकून नवी घेण्याचा दाखला आहे. मला नेहमी वाटतं की तिथं पादत्राणं घेतली असती तर दाखला बिघडला असता. कपडा कुणाच्याही अंगावर बसतो, घातलेला जोडा दुसऱ्याला बसत नाही, चावतो.

याच बुटांवरून दुसरा एक पेच निघतो. एका बुटाचा तळ मी बदलला. वर्षानं टाच बदलली. मग वरचं चामडं फाटलं म्हणून तिथं तुकडा लावला, लेस तर कितीदा तरी. तरी जवान येऊन म्हणायचा, "माझा बूट झाला का?" त्यात त्याचं काय राहिलं होतं? 'मिलिंदपञ्ह' नावाच्या पाली ग्रंथात हाच सवाल रथाबद्दल आहे. भिक्खू नागसेन यवन, म्हणजे ग्रीक, राजा मिलिंदाला विचारतो, तू रथातून आलास, तर रथ कुठला? चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, दांडी म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. शेवटी ठरतं की हे सगळं एकत्र आलं की त्याला रथ म्हणायचा व्यवहार आहे, त्यापलीकडे रथ म्हणून वेगळं काही नाही. हे मी वाचलं तेव्हा मला ते परकं वाटलं नाही. आमच्या जुन्नरच्या लेण्यांत यवनांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. इरिल नावाच्या यवनानं पाण्याची टाकी दिली, चिट नावाच्या यवनानं भिक्खूंसाठी भोजनमंडप. लांबून आलेली ती माणसं इथल्या डोंगरात असल्याच गोष्टी ऐकत बसली असतील.

नागसेनाचं मला पटतं, पण माझ्या धंद्यापुरती त्यात एक भर घालावीशी वाटते. तळ, टाच, चामडं सगळं बदललं तरी तोच पाय रोज त्यात जात होता. नवा तळ महिन्याभरात जुन्या तळासारखाच झिजायचा, त्याच जागी, तेवढाच. भाग बदलत होते आणि चाल टिकत होती. बौद्ध लोक म्हणतील की चालसुद्धा क्षणाक्षणाला बदलते. म्हणोत बापडे, त्यांचा हवालदार लंगडत नसेल.

आता कळलं असेल की जुनी करून दिलेली वहाण मला का खटकते. झीज म्हणजे कुणाचं तरी चालणं, कुणाचं तरी कर्म. मी काचकागदानं टाच घासतो तेव्हा कधीच न घडलेल्या चालीचा दाखला तयार करतो. खोट्या सहीचा प्रकार आहे तो. घडण शिकता येते, वारशानं घेता येते, विकत घेता येते. चालीला ते लागू नाही.

यावर पोरं म्हणतील, मग देवळात पादुका ठेवतात त्या काय? त्या कुठे झिजलेल्या असतात? हा प्रश्न एका पोरानं खरंच विचारला, आणि त्यावर मला बराच विचार करावा लागला.

पादुकांचा आपला देश आहे. आळंदीहून माऊलींच्या आणि देहूहून तुकोबांच्या पादुका पालखीत बसून पंढरीला जातात. दत्ताच्या तीन ठिकाणच्या पादुका तर नावानिशी वेगळ्या आहेत: नरसोबाच्या वाडीच्या मनोहर पादुका, औदुंबरच्या विमल पादुका, गाणगापूरच्या निर्गुण पादुका. निर्गुणाला पाय कुठले, असं कुणी विचारत नाही. जोडे बाहेर काढून लोक आत जातात आणि पादुकांवर डोकं ठेवतात. ज्यानं बाहेरचा जोडा शिवला तो माणूसही कित्येक पिढ्या बाहेरच राहिला, हेही सांगून टाकतो. पण माझा मुद्दा आत्ता तो नाही.

पादुकांची मूळ गोष्ट भरताची. आपण चित्रात बघतो की रामानं पायातल्या खडावा काढून भावाला दिल्या. वाल्मीकींच्या अयोध्याकांडात बारकाईनं बघितलं तर तसं नाही. तिथं भरतच सोन्यानं मढवलेल्या पादुका रामापुढे ठेवतो आणि म्हणतो, यांवर पाय ठेव. राम चढतो, उतरतो, आणि त्या भरताला देतो. म्हणजे नंदिग्रामात ज्या पादुकांनी चौदा वर्षं राज्य केलं त्या झिजलेल्या नव्हत्याच. रामाच्या वनवासाची एक पायवाट त्यांनी पाहिली नव्हती. कोऱ्या होत्या, आणि एकदाच घातलेल्या होत्या.

ही गोष्ट मला फार मोठी वाटते. भरताला जुनेपणाचा पुरावा गोळा करायचा असता तर त्यानं रामाच्या पायातलंच काहीतरी मागितलं असतं, काट्यांनी फाटलेलं, चिखलानं माखलेलं. लोकांना दाखवायला ते जास्त उपयोगी पडलं असतं. त्यानं नवं आणलं. त्याला पाय पुरला, आणि त्या पायाचं उतरणं पुरलं. पादुकेत पूज्य काय असेल तर ते झिजणं नाही, घालून उतरणं. राज्याचा धनी त्यावर उभा राहिला आणि राज्य सोडून खाली उतरला.

दुसरी गोष्ट बसवण्णांच्या कल्याणातली. हरळय्या नावाचा चांभार आणि त्याची बायको कल्याणम्मा यांनी बसवण्णांसाठी स्वतःच्या मांडीचं कातडं काढून जोडे शिवले, अशी कथा सांगतात. बसवण्णांनी ते पायात घातले नाहीत, डोक्यावर घेतले. बाराव्या शतकातली ही कथा. त्या जोड्यांवर बसवण्णांचं एकही पाऊल पडलं नाही, तरी आठशे वर्षं लोक त्यांची गोष्ट सांगतात. म्हणजे जोड्याला मोठेपण यायला जुनं व्हावंच लागतं असं नाही. नव्या जोड्याला नवं म्हणायची हिंमत तेवढी लागते.

इथपर्यंत धर्म माझ्या बाजूनं आहे. पुढे तो मला अडचणीत आणतो.

मागं एका मंडळानं मिरवणुकीत बारा बलुतेदारांचा देखावा करायचं ठरवलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर सुतार, लोहार, कुंभार, न्हावी सगळे आपापली हत्यारं घेऊन बसणार. पोरं माझ्याकडे आली. "नाना, चांभार म्हणून तुम्हीच बसा. एकदम ओरिजिनल वाटेल." मी जरा वेळ काही बोललो नाही. माझा आजा गावकीला वहाणा शिवून द्यायचा, मोट सांधून द्यायचा, त्याचं बलुतं म्हणून खळ्यावर धान्य मिळायचं. वेशीतून आत येताना स्वतःच्या पायातली वहाण तो काढून हातात घ्यायचा. अख्ख्या गावाला ज्यानं घातली, तो गावात अनवाणी. हे मला बापानं सांगितलं, रागानं नाही, नुसतं सांगितलं. मी पोरांना म्हटलं, "ओरिजिनल पाहिजे ना? मग माझी ट्रॉली वेशीबाहेरच थांबवा."

ती हसली, मग गप्प झाली. चांगली पोरं आहेत, त्यांच्या मनात काही नव्हतं. पण भूतकाळ हुबेहूब उभा करायची भाषा जो बोलतो त्यानं हे एकदा मनाशी बोलून घ्यावं. हुबेहूब कुणालाच नको असतो. तलवार हवी असते, पटका हवा असतो. रोगराई नको, दुष्काळ नको, वेस नको. म्हणजे जुना काळ उभा करताना आपण निवडतो. निवडण्यात वाईट काहीच नाही, आपण देवाचीसुद्धा रूपं निवडतो. टाके मोजताना मात्र ही निवड विसरली जाते. वहाणेचे टाके बरोबर असले की काळही बरोबर आला असं वाटायला लागतं.

मी पुढे सुचवलं की माझ्या जागी पाटलांच्या घरातला एखादा पोरगा बसवा, रापी कशी धरायची ते मी शिकवतो. त्यांनी ऐकलं. तो पोरगा संध्याकाळी यायचा. पहिल्याच दिवशी अंगठा कापून घेतला. चामडं पाण्यात भिजवलं की किती जड होतं, वादी ओढताना तळहाताला कशी चरते, हे त्याला कळलं. मिरवणुकीत तो मान खाली घालून खरोखर टाके घालत बसला होता, लोकांकडे बघितलंसुद्धा नाही. सोंग कशासाठी असतं ते मला त्या दिवशी दिसलं. आद्य शंकराचार्यांनी अमरू राजाच्या देहात परकायाप्रवेश केल्याची कथा आहे. त्यात भीती एकच होती, परत यायचं विसरण्याची. शिष्यांना येऊन आठवण करून द्यावी लागली. आमचा पोरगा मिरवणूक संपल्यावर ट्रॉलीवरून उतरला, रापी पुसून मला परत दिली आणि मोटारसायकलवर बसून गेला. अंगठ्याला पट्टी होती.

माझ्या गावाचं नाव निघालं की लोक बाबू गेनूंचं नाव काढतात, तेव्हा त्यांच्याबद्दल लिहिलं पाहिजे. बाबू गेनू सैद इथले, १९०८ चा जन्म. मुंबईला गिरणीत कामाला गेले. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीला परदेशी कापडाच्या गाडीपुढे ते आडवे झाले आणि गाडी त्यांच्या अंगावरून गेली. वय बाविशीचं. सांगतात की मूळ ड्रायव्हर हिंदी होता, त्यानं गाडी पुढे घ्यायला नकार दिला, तेव्हा गोरा सार्जंट स्वतः गाडी चालवायला बसला. आता डिंभे धरणाच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. १२ डिसेंबरच्या सुमारास शाळांमधून पोरं हा प्रसंग करतात, खोक्यांचा ट्रक, पुठ्ठ्याची चाकं.

एका वर्षी एक बाई माझ्याकडे आल्या. बाबू गेनू होणाऱ्या पोराला 'त्या काळच्या' वहाणा हव्या होत्या. माझा भाव ऐकून त्यांनी मोबाईल काढला आणि दाखवलं, ऑनलाईन मिळतात, निम्म्याहून कमी पैशांत. प्लास्टिकच्या, पण वर चामड्याचा रंग, खोट्या शिवणीचे टाकेसुद्धा छापलेले. लांबून कुणाला कळणार नाही, हे त्यांचं म्हणणं खरं होतं. शाळेला पैसे नसतात हेही खरं.

मी म्हटलं, "बाई, त्याला अनवाणी पाठवा, चालेल. या घालू नका." मँचेस्टरचं कापड वाईट होतं का? चांगलं होतं, तलम होतं, स्वस्तही असायचं. बाबू गेनूंची तक्रार ते कसं दिसतं याबद्दल नव्हतीच. ते कुणी विणलं, कुणाच्या पोटावर पाय देऊन इथं आलं, एवढंच त्यांनी बघितलं, आणि तेवढ्यासाठी रस्त्यावर निजले. खरेपणाची ही दुसरी कसोटी आहे, आणि इतिहासाचं सोंग घेणारे ती हटकून विसरतात. वहाण १९३० सालची दिसते का, हा झाला एक सवाल. ती शिवणाऱ्याला संध्याकाळी भाकरी मिळाली का, हा दुसरा. त्या नाटकापुरता तरी दुसरा आधी यायला हवा. बाई म्हणाल्या, "तुमचा धंदा आहे म्हणून तुम्ही असं म्हणता." तेही खरंच. स्वदेशीच्या चळवळीत विणकराचा धंदा होताच की.

शेवटी पोरगा अनवाणीच गेला. सार्जंट व्हायला कुणी तयार नव्हतं. जो झाला त्याला मी माझे जुने फौजी बूट दिले, पुढे कागदाचे बोळे कोंबून. रबरी तळाचे ते बूट, १९३० च्या सार्जंटचे चामडी तळाचे, खाली खिळे मारलेले आणि टाचेला लोखंडी नाल असलेले असायचे. पण शाळेत टाके मोजणारं कुणी नसतं. कार्यक्रमानंतर तो पोरगा बूट परत द्यायला आला तेव्हा रडवेला होता. म्हणाला, "नाना, या बुटांनी खरंच कुणाला मारलंय का?"

मी त्याला बूट उलटा करून दाखवला. ही टाच झिजली ती परेडच्या मैदानावर. हा ओरखडा दुरुस्तीच्या टेबलाच्या खिळ्याचा. हे नाक काळं पडलं ते पॉलिशनं, ओला कापूस घेऊन तासन्‌तास घासायचो. हे जुनेपण सगळं माझं आहे बाळा, सार्जंटचं यात काहीच नाही. ते ऐकून त्याला बरं वाटलं की नाही कोण जाणे, पण मी दिलेला लाडू घेऊन गेला.

पहिल्या महायुद्धातल्या बुटांची एक जोडी मी एकदा एका प्रदर्शनासाठी केली होती. त्यांनाही ती 'वापरलेली' हवी होती. मला कूतचे मराठे आठवले. मेसोपोटेमियात कूत-अल-अमाराला वेढा पडला, आत आपल्या मराठा पलटणीही होत्या. उपासमार झाली, आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती पत्करावी लागली. कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं, वाटेत पुष्कळांचे बूट गेले. त्या माणसांच्या चालीची झीज मी टेबलावर बसून काचकागदानं काढायची? मी जोडी कोरी करकरीत दिली, पॉलिश करून. निघतानाच्या दिवशी ती तशी असणार, एवढं मला छातीवर हात ठेवून सांगता येत होतं. आयोजकांचं तोंड जरा उतरलं, पण पैसे दिले.

नाणेघाटाच्या लेण्यात मी तरुणपणी गेलो होतो. तिथं एके काळी सातवाहन राजघराण्याच्या पुतळ्यांची रांग होती. आता पुतळे नाहीत. वर भिंतीवर नावं कोरलेली आहेत आणि खाली पायांच्या खुणा तेवढ्या उरल्यात. मुकुट, तोंड, छाती, शस्त्र सगळं गेलं. आमच्या धंद्यातल्या माणसाला याचा थोडा आनंद होतो, खोटं कशाला बोलू.

शिवजयंतीला शिवनेरीवर आणखी एक गंमत बघायला मिळते. पुणे-नाशिक रस्त्यावरून ज्योत घेऊन पळणारी पोरं जातात, त्यातली बरीच अनवाणी. गडावर मावळ्यांच्या वेशातली मंडळी असतात, पायात शिवकालीन म्हणून घेतलेल्या वहाणा. जन्मस्थानाच्या दाराशी आली की ही मंडळी त्या काढून ठेवतात. कसलाही विचार न करता, देवळात काढतो तशाच. मी बाजूला उभा राहून बघतो, यातल्या माझ्या हातच्या कुठल्या. माझ्या बापाच्या पद्धतीचा कान लांबूनही ओळखू येतो. कोण कसा चालत आला तेही समजतं: लांबून चालत आलेली वहाण आणि पायथ्यापर्यंत जीपमधून आलेली वहाण यांच्या कडा वेगळ्या असतात. आणि एक धंद्यातलं मत सांगतो, पावसाळ्यात आमच्या काळ्या दगडावर चामडी तळ घसरतो. मी मावळा असतो तर चढाईच्या रात्री वहाण खालीच ठेवली असती.

यंदा एका मंडळाची मोठी ऑर्डर आहे. मी अट घातली: घडण जुनी मिळेल, चामडं हिरड्याचं मिळेल, जुनेपण मिळणार नाही. ते पाहिजे असेल तर महिनाभर आधी वहाणा न्या आणि रोज घाला. शेतात घाला, मंचरच्या बाजाराला घाला, आणि जयंतीला इथून नारायणगावमार्गे शिवनेरीपर्यंत चालत जा. दिसतील तशा दिसू द्या. पुढारी पोरगा म्हणाला, "नाना, पायाला फोड येतील." म्हटलं, येतील. पहिले आठ दिवस रात्री एरंडेल लावून ठेवायचं, अंगठ्याच्या वादीला जरा जास्त. कान दुखवत असेल तर घरी ओढाताण करायची नाही, माझ्याकडे आणायचं, मी सैल करून देतो. त्याचे वेगळे पैसे घेत नाही. निम्मी रक्कम आगाऊ लागेल.